स्पीकरवर सासूबाई

ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या रविवारी मी पत्त्यांत मुद्दाम हरायचं ठरवून घरातून निघाले होते. हरायला सुद्धा तयारी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही चौघी मैत्रिणी नांदेडात एकीच्या घरी जमतो. घर दाताच्या डॉक्टरणीचं, कारण तिच्याकडे एसी आहे आणि नवरा दुपारी घोरत पडत नाही. दुसरी शाळेतली बाई. ती पत्त्यांतही वर्गात असल्यासारखी नियमाला धरून असते. तिसरी उदगीरची. ती घरी पापड-चटण्यांचा उद्योग करते, आणि तिला हसू आलं की पाच मिनिटं थांबत नाही. चौथी मी. मी एका बँकेत कॅशच्या खिडकीमागे बसत असे.

आधी आम्ही नुसता झब्बू खेळायचो. मग डॉक्टरणीच्या भाच्यानं पुण्याहून इंग्रजी कार्डांचा एक खेळ आणून दिला. मोठ्या माणसांनी मित्रमंडळींत खेळायचा, हसून हसून पोट दुखेल म्हणे. ‘तुमच्यापैकी सगळ्यात आधी तुरुंगात कोण जाईल’ असलं काहीबाही त्यावर लिहिलेलं. वाचलेलं कळत होतं, हसू काही येत नव्हतं. शेवटी उदगीरकरीण म्हणाली, “असल्या खेळापेक्षा माझ्या जावेला फोन लावा, त्यात जास्त मजा येईल.” आणि तिथंच आमचा खेळ जन्माला आला.

बाईनं घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांएवढे तुकडे केले. कोऱ्या बाजूवर आम्ही शिक्षा लिहिल्या आणि सगळे तुकडे एका स्टीलच्या डब्यात टाकले. झब्बूत जी हरेल तिनं डोळे मिटून एक कार्ड काढायचं आणि त्यावर लिहिलेला फोन स्पीकरवर लावायचा. ‘नणंदेला सांग, तुमच्या पुरणपोळीची मला स्वप्नं पडतात.’ ‘दूधवाल्याला विचार, म्हैस बरी आहे का.’ ‘नवऱ्याला सांग, मी बॉयकट करून आले.’ समोरच्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत कुणी हसायचं नाही. जी आधी हसेल तिनं पुढच्या खेपेला भजी तळायची. उत्तर आलं की ‘खेळ होता’ असं सांगून फोन ठेवायचा. आमच्या घरचे इतक्यांदा फसले होते की रविवारी दुपारी आमचा फोन आला, की आधी ते विचारायचे, “पत्ते चालू आहेत का?”

आता मला हरायचं का होतं ते सांगते.

मला बँकेत बढती आली होती. अधिकारी म्हणून, पण लातूरला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे सोमवारी संध्याकाळच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. दोन वर्षांपूर्वीही अशीच आली होती आणि मी नकार दिला होता. ह्या वेळीही नकार दिला, की मग कितीतरी वर्षं कुणी विचारणार नव्हतं. त्या खिडकीमागे बसून लोकांच्या नोटा मोजता मोजता माझे केस पिकले असते. मला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, “माझं काय, माझी कुठं ना आहे? पण आईचं मन मोडून कसं चालेल?” दोन वर्षांपूर्वी हेच म्हणाला होता. तेव्हा त्यानंच आईला विचारलं आणि मला येऊन सांगितलं, की आईला पसंत नाही. सासूबाईंचं माहेर मुरुडचं, म्हणजे लातूरच्या शेजारचंच. सून एकटी खोली करून राहते म्हटल्यावर माहेरची माणसं तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या म्हणे. मी तेव्हा गप्प बसले. मुलगी आठवीतच होती, तिचंही मनात होतं.

“ह्या वेळी मीच विचारू का त्यांना?” मी म्हणाले.

“तू कशाला? उगं तिला वाटेल भांडायला आली. मी बघतो सवडीनं.”

“उद्या-परवात कळवायचंय. सवड कधी होणार?”

“बघतो म्हणलं ना गं,” असं म्हणून तो दही घ्यायला उठला.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहता, सरळ जाऊन विचारायला तुला तोंड नव्हतं का? नव्हतं. त्या पहिल्या नकारापासून सासूबाईंत आणि माझ्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं. ‘दूध तापवलं.’ ‘गोळी घेतली का.’ ‘गॅसवाला येऊन गेला.’ ह्याच्या पलीकडे काही नाही. त्यांनी माझी वाट अडवली हा राग माझ्या पोटात होता, आणि मी तो लपवत होते असं मला वाटत होतं. त्यांच्यासमोर बसून ‘मला जाऊ द्या’ म्हणायचं, आणि त्यांनी पुन्हा नको म्हणायचं, हे माझ्यानं सहन झालं नसतं.

म्हणून मी कार्ड लिहिलं. दर खेपेला प्रत्येकीनं दोन नवी कार्डं आणायची असतात. माझ्या एका कार्डावर मी डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, लिहिलं: ‘घरी फोन लावून सांग, माझी लातूरला बदली झाली, मी चालले.’ एक कोपरा दुमडून ठेवला, म्हणजे डोळे मिटून बोटाला लागेल. बेत असा, की हरायचं, हेच कार्ड काढायचं आणि सासूबाईंना फोन लावायचा. त्या काय म्हणतात ते चौघींत, हसण्यावारी ऐकायचं. नको म्हणाल्या तर ‘खेळ होता’ म्हणून फोन ठेवायचा. म्हणजे नकार ऐकूनही माझी लाज झाकलेली राहिली असती. भित्र्या माणसाला काय काय सुचतं बघा.

झब्बूत हरणं फार अवघड नसतं. दुसरीकडे तो रंग संपत आलाय असा अंदाज आला, की त्याच रंगाचं मोठं पान टाकायचं. ती वेगळ्या रंगाचं पान टाकून झब्बू देते आणि सगळा ढीग आपल्या उरावर. मी पहिल्याच डावात इस्पिकचा राजा असा उधळला की बाई माझ्याकडे बघायलाच लागली.

“आज पत्ते कळेनात का तुला?” ती म्हणाली.

“डोकं दुखून राहिलंय,” मी म्हणाले.

पण उदगीरकरीण माझ्यापेक्षा वाईट खेळते, ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. तिला एकामागून एक असे झब्बू बसले की मी कितीही जोर लावला तरी आधी सुटले. माझ्या हातातली पानं संपली. तिनं डोळे मिटले, डब्यात हात घातला आणि दुमडलेल्या कोपऱ्याचं कार्ड वर काढलं.

तिनं ते वाचलं आणि वाचतानाच तिचे खांदे हलायला लागले. बाईनं बोट दाखवून तिला गप्प केलं. तिनं नवऱ्याला फोन लावला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, रविवारीही उघडं असतं. मागून पाइप आपटल्याचा आवाज येत होता.

“अहो, माझी लातूरला बदली झाली. मी चालले.”

मग तो शांतपणे म्हणाला, “बरं. तुझ्या जागेवर कोण येऊन राहिलंय?”

झालं. डॉक्टरीण गादीवर आडवी झाली. नियमाची पक्की बाई सुद्धा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. मी हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. वापरलेलं कार्ड डब्याखाली ठेवायचं असतं. माझी एवढी सगळी तयारी डब्याखाली जाऊन पडली.

आता हरण्यात काही अर्थ नव्हता. उलट हरायचं नव्हतं, कारण फोन लावायला तोंडात शब्द नव्हते. घड्याळाकडे बघत होते. घरी जाऊन नवऱ्याला काय म्हणायचं, सोमवारी बँकेत काय कळवायचं, हेच डोक्यात. आणि नेमका तोच डाव मी हरले. ह्या वेळी खरोखर. मी बदामाचा एक्का टाकला आणि बाईनं किल्वरची दुर्री टाकून मला झब्बू दिला. शेवटपर्यंत माझ्याच हातात पानं राहिली.

मी डब्यात हात घातला. आलेल्या कार्डावर लिहिलं होतं: ‘सासूला फोन लाव आणि सांग, आज संध्याकाळी मी स्वयंपाक करणार नाही, मला आयतं वाढा.’

“अय्यो, तुझी सासू तर फाडून खाईल,” उदगीरकरीण म्हणाली.

मी फोन लावला. स्पीकर चालू केला. कार्ड दुसऱ्या हातात होतं.

“हालो.”

“आई, मी बोलतेय.”

“बोल.”

आमचं दोन वर्षांचं बोलणं असंच होतं, एका शब्दाला एक शब्द. कार्डावरचं वाक्य डोळ्यांसमोर होतं, सोपं होतं, वाचलं असतं की संपलं असतं. पण त्या ‘बोल’नं मला असा राग आला की विचारू नका. मला वाटलं, बोलतेच आता.

“आई, मला बढती मिळालीय. लातूरला बदली झालीय. मला जायचंय.”

उदगीरकरीण मला कोपर मारून पुटपुटली, “अगं, हे माझं होतं. तुझं वाच.” मी तिच्याकडे बघितलं नाही.

पलीकडे सासूबाई हसल्या. त्यांचं हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

“पत्ते चालू हायेत ना तुमचे? जा की. लातूरला जा, न्हाई तर दिल्लीला जा. मी काय अडवून राहिले का तुला?”

डॉक्टरणीनं तोंडावर उशी दाबली. उत्तर पूर्ण झालं होतं. नियमाप्रमाणे आता मी ‘खेळ होता’ म्हणून फोन ठेवायचा. ‘जा की.’ ज्या शब्दासाठी मी दोन वर्षं कुढत होते तो शब्द त्यांनी दिला, आणि दिला तो चेष्टेत, काही कामाचा नाही असा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं.

“आई, हा खेळ नाही,” मी म्हणाले. “कार्डावर हे लिहिलेलं नाही.”

बाईनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं आणि पालथं घालून ठेवलं. डॉक्टरणीनं उशी खाली घेतली.

“म्हंजे?” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे खरंच बढती आलीय. उद्या कळवायचंय. मागच्या खेपेला तुम्ही नको म्हणालात म्हणून मी गेले नाही. ह्या वेळी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“थांब. मी कवा नको म्हणले?”

मी तिघींकडे बघितलं.

“स्पीकर चालू हाय का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बंद कर.”

मी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून डॉक्टरणीच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून उभी राहिले.

“तो मला म्हणला,” सासूबाई हळू बोलत होत्या, “तिच्याच मनात न्हाई. लेकराला सोडून जायला तिचा जीव होत न्हाई, तू विषय काढू नको, तिला लई वाईट वाटतं. म्हणून मी तोंड शिवून बसले. लातूरला सून गेली तर मला काय वंगाळ वाटणार हाय गं? माझं माहेर हाय तिकडं. मी बी चार दिवस येऊन राहिले असते.”

“आणि ह्या वेळचं?”

“ह्या वेळचं तर आत्ता तुझ्याकडून कळून राहिलंय मला.”

मी बेसिनकडे बघत उभी होते. त्यात दुपारची ताटं तशीच पडली होती.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “दोन वर्ष तू माझ्याशी तुटक वागून राहिलीस, ते ह्याच्यामुळं?”

“हो, आई.”

“मला वाटलं, हिला म्हातारीचा कंटाळा आला. भावाकडं मुरुडला जाऊन राहावं, कायमचं, इथवर मनात आलं होतं. दोनदा पिशवी भरली आणि परत रिकामी केली.”

मला रडू फुटलं. सासूबाईंनी माझ्याच घरात पिशवी भरली होती आणि मला पत्ता नव्हता. रडता रडता मला नवऱ्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

“रडू नको,” त्या म्हणाल्या. “घरी ये. त्याला मी काही बोलत न्हाई तोवर.”

बाहेर तिघी तशाच बसल्या होत्या. पत्ते कुणी गोळा केले नव्हते. मी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. “पण तुझा नवरा तर किती…” एवढं बोलून बाई थांबली. मला माहीत होतं तिला काय म्हणायचं होतं. किती चांगला. कशाला म्हणून अडवत नाही. माझ्या नवऱ्याचं उदाहरण ह्या तिघी आपापल्या नवऱ्यांना देत आल्या होत्या. मी चप्पल घातली आणि निघाले.

ऑटोत बसल्यावर दुसरीच धास्ती सुरू झाली. रविवारची गर्दी, गुरुद्वाराच्या रस्त्याला ऑटो इंचाइंचानं सरकत होता, आणि मी मनात म्हणत होते, शेवटी ती त्याची आई आहे. फोनवर बोलणं वेगळं आणि लेक समोर बसल्यावर वेगळं. तो दोन गोड शब्द बोलेल, ही विरघळेल, आणि मी घरी पोचेपर्यंत दोघं मिळून मलाच समजावायला तयार असतील. ‘अगं, गैरसमज झाला.’ गैरसमज म्हटलं की सगळं झाकलं जातं. मग उद्या संध्याकाळ होईल आणि माझी बढती जाईल. मी ऑटोवाल्याला दोनदा म्हणाले, भाऊ, जरा दुसऱ्या रस्त्यानं घ्या. तो म्हणाला, ताई, दुसऱ्या रस्त्यालाही असंच हाय.

दार नुसतं लोटलेलं होतं. नवरा दाराकडे पाठ करून पेपर तपासत बसला होता. तो ज्युनियर कॉलेजात शिकवतो, अजून कायम झालेला नाही. सासूबाई त्याच्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना मी दिसले. त्यांनी मला बोलावलं नाही, की नजरही हलवली नाही. त्या त्याला म्हणाल्या, “काय रे, हिची लातूरची बदली परत आली म्हणं. काय ठरलं?”

“तुला कोणी सांगितलं?” तो मान वर न करता म्हणाला.

“बँकेतली एक बाई बाजारात बोलली. काय ठरलं?”

“काय ठरायचंय? तीच नको म्हणते. तुला इथं कोण बघणार, पोरीची दहावी आहे, म्हणते जाऊ द्या. तू तिच्यापाशी विषय काढू नको, तिला उगं त्रास होतो.”

इतक्या सहज बोलला. लाल पेनानं मार्क देता देता. मी दारात उभी राहून ऐकत होते. हीच वाक्यं दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच आवाजात बोलला असेल तो. मी आत आले आणि पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं वळून बघितलं.

“मी कधी नको म्हणाले?” मी म्हणाले.

तो आईकडे बघायला लागला. दर वेळी बघतो तसा.

“माझ्याकडं काय बघतूस?” सासूबाई म्हणाल्या. “मी तरी कवा नको म्हणले?”

“हे बघा,” तो म्हणाला, “मी तुम्हा दोघींपैकी कुणालाच कधी अडवलं नाही. कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी…”

“आमच्या वाईटाचं आमी बघू,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुझं काय म्हणणं हाय ते सांग. माझं न्हाई, हिचं न्हाई. तुझं.”

“माझं काय, तुम्ही ठरवाल ते…”

“न्हाई. तुझं सांग.”

मला वाटलं, आता तो उठेल, पाणी प्यायला जाईल, फोन आला म्हणेल. तसंच करत आलाय तो. सासूबाईंना वाटेत पाय लांब करून बसायची सवय आहे, त्यामुळे त्याला उठायचं असतं तर त्यांना बाजूला व्हा म्हणावं लागलं असतं. तो पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एका क्षणी मला त्याची दया आली, पण मी काही बोलले नाही. मी बोलले असते तर त्याची सुटका झाली असती.

“नको जाऊ,” तो म्हणाला.

मान खाली होती. आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

“तू तिकडं साहेब होशील आणि मी इथंच राहीन. लोक विचारतील, बायको कुठं असते. मला नाही आवडणार. मला नाही पाहिजे तू गेलेली. हे माझं म्हणणं आहे.”

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्या माणसानं मला स्वतःच्या तोंडानं काही सांगितलं होतं. मला वाटलं होतं माझा संताप होईल. झालाही, पण त्याच्या आधी मोकळं वाटलं. आजवर मी त्यानं आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या केलेल्या एका म्हातारीशी भांडत होते. आता तो समोर होता, घामेजलेला, घाबरलेला, आणि त्याला काय पाहिजे ते मला माहीत होतं.

“बरं झालं बोललात,” मी म्हणाले. “आता मला उत्तर देता येतं. मी जाते.”